तायनानच्या वांगचा उजवा पाय

४ ऑगस्ट २०२५ ला भारताने ओव्हलची कसोटी सहा धावांनी जिंकली आणि मालिका २-२ अशी सुटली. सिराज पाचही कसोट्या खेळला, १८५.३ षटकं टाकली, २३ बळी घेतले. बुमरा तीनच खेळला. सिराजचे सहा-सात-आठ षटकांचे स्पेल पाहून सुनील गावसकर म्हणाले की ‘वर्कलोड’ हा शब्द भारतीय क्रिकेटच्या शब्दकोशातून काढून टाकावा. सीमेवरचा जवान थंडीची तक्रार करतो का? झालं. तेव्हापासून हे भांडण दर मालिकेला नव्याने पेटतं. बुमराने एखादा सामना सोडला की घरच्या ग्रुपांवर सियाचीन निघतं. ‘आयपीएलमध्ये बरी पाठ दुखत नाही’ हे ठेवणीतलं वाक्य येतं. शेवटी कपिल देव येतात: १३१ कसोट्या, दुखापतीपायी एकही चुकली नाही. विषय संपला.

माझ्या मते विषय तिथे सुरू होतो. तैवानमधल्या शिनचूत राहून मराठी ग्रुपांवर बेसबॉलची उदाहरणं देणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत सुशी वाढण्यासारखं आहे, हे मला कळतं. तरीही देणार. ज्या देशात मी राहतो त्या देशाने एका माणसाच्या उजव्या खांद्यावर आपली सगळी सकाळ टांगून ठेवली होती, तो खांदा कसा गेला हे इथल्या पन्नाशीच्या कुठल्याही टॅक्सीवाल्याला तारखांसकट पाठ आहे, आणि ती हकिकत घरच्या दोन्ही पक्षांना गैरसोयीची आहे.

वांग चिएन-मिंग. बेसबॉलचा पिचर, म्हणजे तिथला गोलंदाज. जन्म ३१ मार्च १९८०, तायनान. मेजर लीगमधल्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या बेसबॉल लीगमधल्या, न्यूयॉर्क यँकीजने २००० साली त्याला सुमारे वीस लाख डॉलर देऊन करारबद्ध केलं. पुढच्याच वर्षी खांद्याची शस्त्रक्रिया, २००१ चा अख्खा हंगाम वाया. म्हणजे ‘तेव्हाचे लोक दणकट होते’ म्हणणाऱ्यांसाठी पहिली नोंद: हा खांदा मोठ्या मैदानावर एक चेंडू पडायच्या आधीच एकदा उघडून शिवलेला होता. ३० एप्रिल २००५ ला टोरांटोविरुद्ध पदार्पण. २००६ मध्ये १९ विजय, ६ पराभव. २००७ मध्ये १९ विजय, ७ पराभव. २००६ ला साय यंग पुरस्काराच्या (हंगामातल्या सर्वोत्तम पिचरच्या) मतदानात दुसरा. पहिला योहान सान्ताना.

या दोघांचे आकडे शेजारी ठेवले की वांग कोण होता ते कळतं. त्या हंगामात सान्तानाचे २४५ स्ट्राइकआउट, म्हणजे बॅटरला चेंडू खेळताच न येता मिळालेले बळी. वांगचे २१८ इनिंगमध्ये (एक इनिंग म्हणजे तीन आउट) ७६. आपल्या भाषेत सांगायचं तर हा त्रिफळे उडवणारा गोलंदाजच नव्हे. हा बॅटरला मारू द्यायचा, पण जमिनीत मारू द्यायचा. चेंडू शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाकडे) घरंगळत जायचा, तिथून पहिल्या बेसवर, आउट. बेसवर आधीच कोणी उभा असेल तर एकाच चेंडूत दोन आउट. अख्ख्या हंगामात त्याला १२ होमरन (बेसबॉलचे षटकार) बसले, तेही ज्या लीगमध्ये दर संघात तीन-चार दांडगट त्याच कामासाठी पोसलेले असतात तिथे.

हे साधणारा चेंडू म्हणजे सिंकर. वांग लहानपणापासून तो टाकत नव्हता. २००४ मध्ये कोलंबसच्या ट्रिपल-ए (मेजर लीगच्या एक पायरी खालच्या) संघात असताना प्रशिक्षक नील ॲलन आणि कॅचर सॅल फसानो यांनी त्याला सरळ फास्टबॉल बाजूला ठेवून याच्यावर भर द्यायला लावलं. पकड साधी आहे. बेसबॉल १४२ ते १४९ ग्रॅमचा, क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा हलका आणि मऊ. शिवण चेंडूभर नागमोडी फिरलेली, टाके १०८ जोड्या. शिवणीच्या दोन रेषा जिथे सर्वांत जवळ येतात तिथे तर्जनी आणि मधलं बोट रेषांच्या लांबीतून ठेवायचं, दाब तर्जनीवर द्यायचा, अंगठा खाली. मनगट मोडायचं नाही. फास्टबॉलच्याच जोराने टाकायचा.

हा चेंडू खाली ‘पडतो’ असं सगळे म्हणतात, पण कोणी त्याला खाली ओढत नाही. सरळ फास्टबॉलला बोटांमुळे उलटी फिरकी मिळते आणि ती फिरकी हवेत त्याला थोडं उचलून धरते. बॅटरच्या डोळ्याला त्या उचलण्याची सवय झालेली असते. सिंकरमध्ये फिरकीचा अक्ष कलतो, उचलणारी ताकद कमी होते, चेंडू उजव्या हाताच्या बॅटरच्या अंगात घुसतो आणि डोळ्याने ठरवलेल्या जागेच्या खाली येतो. बॅट चेंडूच्या वरच्या अर्ध्या भागावर लागते. जमिनीवर. वांगचा सिंकर ताशी १५० किलोमीटरच्या आसपास यायचा आणि बॅटवर जड लागायचा. बॅटरला तो काय टाकणार ते ठाऊक असायचं. दहातले सात-आठ चेंडू तेच. तरी उपयोग नसायचा.

आता या चेंडूचा आणि घरच्या भांडणाचा संबंध. सिंकर म्हणजे काटकसर. स्ट्राइकआउटला किमान तीन चेंडू लागतात, बहुतेक वेळा पाच-सहा. ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरचा फटका, पहिल्या चेंडूवरही मिळतो. सुरुवात करणारा पिचर पाच दिवसांतून एकदा येतो आणि शंभरेक चेंडूंनंतर त्याला बाहेर काढतात. सिंकरवाला त्या शंभरात सात-आठ इनिंग काढतो, तर स्ट्राइकआउटवाला पाच-सहातच संपतो. वर्कलोडची गोष्ट चेंडू मोजणारा कर्मचारी सुरू करत नाही. ती गोलंदाज काय टाकायचं ठरवतो तिथून सुरू होते. बुमराला ‘जास्त षटकं टाक’ म्हणणाऱ्यांनी तो एकेक षटक कशाने टाकतो हे आधी पाहावं: छोटा रनअप, ताठ पुढचा पाय, कोपरात मागे वाकणारा हात, आणि सगळा जोर कंबर-पाठीतून. मार्च २०२३ ची न्यूझीलंडमधली पाठीची शस्त्रक्रिया आणि जानेवारी २०२५ ला सिडनीत पुन्हा धरलेली पाठ या आकाशातून पडलेल्या गोष्टी नाहीत. ऑस्ट्रेलियात पाच कसोट्यांत १५१.२ षटकं आणि ३२ बळी, त्याची ती पावती होती.

आणि मोजतात ते तरी काय? टीव्हीवर दिसतात ते शंभर चेंडू. सामन्याआधी बुलपेनमध्ये (पिचर हात मोकळा करतात त्या जागी) तीस-चाळीस. त्या काळच्या नियमाने दर इनिंगच्या सुरुवातीला आठ सरावाचे. सात इनिंग म्हणजे ५६. मधल्या दिवशी बुलपेनची फेरी वेगळी. म्हणजे मोजलेल्या शंभरामागे न मोजलेले जवळपास तेवढेच. नेटमध्ये आपले गोलंदाज किती टाकतात हे कुठल्या ग्रुपावर कधी वाचलंय? तिथे ‘चार षटकंच तर टाकतो आयपीएलमध्ये’ एवढंच येतं. बरोबर, चारच. आणि पीडा तीच आहे. २०२५ चं आयपीएल ३ जूनला संपलं, हेडिंग्लेची कसोटी २० जूनला सुरू झाली आणि पहिल्याच डावात बुमराने २४.४ षटकं टाकली. दिवसाला २४ चेंडूंची सवय असलेल्या पाठीने एका डावात १४८. एकूण बेरजेपेक्षा अशी उडी वाईट, हे इथे शाळेच्या संघाचा प्रशिक्षकही सांगेल. ऐकतो का ते वेगळं.

ऐकत नाहीत. इथलं सगळं चांगलं आणि तिथलं सगळं वाईट, असं परदेशस्थ लेखन मला स्वतःला वाचवत नाही. पाचशेच्या नोटेवर शाळकरी बेसबॉल संघ छापणारा हा देश आहे. १९६९ ते १९९६ या काळात लिटल लीगचं विश्वविजेतेपद यांनी १७ वेळा घेतलं, आणि बारा वर्षांच्या पोरांच्या कोपरांवर घेतलं. साव चिन-हुइ हा मेजर लीगमध्ये पोचलेला इथला पहिला पिचर, २००३ साली. खांदा गेला, पुढे इथल्या लीगमध्ये २००९ च्या सट्टा प्रकरणात हकालपट्टी. क्वो हाँग-चिह याच्या डाव्या कोपरावर चार शस्त्रक्रिया; तरी २०१० ला ऑल-स्टार (हंगामातल्या निवडक खेळाडूंपैकी एक) झाला, ही त्याची जिद्द, व्यवस्थेची थोरवी नव्हे. आणि आमच्या शिनचूबद्दल तर बोलूच नये. २०२२ च्या जुलैत नूतनीकरण केलेलं बेसबॉल मैदान गाजावाजा करून उघडलं आणि खेळाडू जखमी झाल्यावर लगेच बंद करावं लागलं. सायन्स पार्कात चिपांचे नॅनोमीटर मोजणाऱ्या गावाला मातीतले दगड वेचता आले नाहीत. ठाणे-पिंपरीवाल्यांनी इथे खुशाल हसावं.

असो, वांगकडे. १५ जून २००८. तो सामना धरून त्याचं त्या हंगामातलं गणित ८ विजय, २ पराभव. यँकीज ह्यूस्टनला खेळत होते. मेजर लीगचे दोन भाग, अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग. यँकीज पहिल्यात. ह्यूस्टन तेव्हा नॅशनल लीगमध्ये, आणि त्या लीगच्या मैदानावर पिचरला स्वतः बॅटिंग करावी लागे. अमेरिकन लीगमध्ये त्याच्या जागी दुसरा बॅटर उतरतो, त्यामुळे वांगला वर्षातून मोजक्या वेळा बॅट धरावी लागायची आणि बेसवरून पळायची वेळ त्याहून कमी. त्या दिवशी आली. तिसरा बेस ओलांडून होम प्लेटकडे, जिथे धाव पुरी होते, पळताना उजव्या पायाने दगा दिला. पावलाच्या मधल्या सांध्यातला लिसफ्रँक अस्थिबंध दुखावला आणि घोट्याजवळून तळव्याखाली जाणारा पेरोनियल स्नायुबंध अर्धवट फाटला. यँकीज १३-० ने जिंकले. म्हणजे त्या धावेची गरज कोणाला होती?

यँकीजच्या मालकांपैकी हँक स्टाइनब्रेनर संतापून म्हणाले की नॅशनल लीगने आता एकविसाव्या शतकात यावं. ती लीग आली, पिचरची बॅटिंग बंद झाली, २०२२ साली. चौदा वर्षं उशिरा.

घरच्या दोन्ही पक्षांना गैरसोयीची म्हटलं ती जागा ही. वर्कलोडवाल्यांनी वांगचा प्रत्येक चेंडू मोजला होता. पाच दिवसांचं चक्र, शंभराची मर्यादा, २००५ मध्ये खांदा सुजल्यावर सक्तीची विश्रांती, सगळं कागदोपत्री चोख. आणि करिअर मोडलं ते कोणी न मोजलेल्या वीस-पंचवीस पावलांत. तेव्हा ‘मोजलं की वाचला’ असं म्हणणारेही अर्धेच बरोबर आहेत.

पण पाय मोडला तर खांदा कसा गेला? उजव्या हाताचा पिचर उजव्या पायाने माउंडवरच्या, म्हणजे तो टाकतो त्या उंचवट्यावरच्या, रबरच्या पट्टीला रेटतो. माउंड २५.४ सेंटिमीटर उंच, समोरची प्लेट १८.४४ मीटरवर. मागचा पाय रेटतो, नितंब पुढे जातात, पुढचा पाय रोवला जातो, मग धड वळतं, त्यामागून खांदा, त्यामागून कोपर, शेवटी बोटं. खालून वर जोर चढत जातो. हात हे चाबकाचं टोक. त्या क्षणी खांदा सेकंदाला सुमारे सात हजार अंश या वेगाने आत वळतो. माणसाच्या शरीरातल्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी ही एक. आता मुळाशी असलेला पायच नीट रेटत नाही. टाकणारा काय करणार? वेग तर हवाच. मग उरलेला जोर तो खांद्याकडून वसूल करतो.

सिंकरचं नुकसान त्याहून आधी दिसतं. पाय कमी रेटला की धड मागे राहतं, चेंडू हातातून लवकर सुटतो, बोटं चेंडूच्या वर न राहता बाजूने घसरतात. अक्ष बिघडतो. वेग जवळपास तोच दिसतो, पण चेंडू बुडत नाही. कमरेच्या उंचीवर सरळ येतो. न बुडणारा सिंकर म्हणजे बॅटरला ताटात वाढलेला चेंडू. एप्रिल २००९ मध्ये वांगच्या पहिल्या तीन सामन्यांत ६ इनिंग आणि २३ धावा. ईआरए ३४.५०. दर नऊ इनिंगमागे साडेचौतीस धावा, हा आकडा छापताना इथल्या वृत्तपत्रांना छपाईची चूक वाटली असेल. तपासणीत निघालं काय? दोन्ही नितंबांचे स्नायू कमजोर. पाय बरा झाला, पण तो बरा होईपर्यंत वरचा मजला ढिला पडला होता आणि तो कोणी तपासला नव्हता. पाय, मग नितंब, मग ४ जुलैला खांदा. जुलैअखेर डॉ. जेम्स अँड्र्यूज यांनी खांद्याची शस्त्रक्रिया केली. हंगामाचा हिशेब १ विजय, ६ पराभव, ईआरए ९.६४. डिसेंबरमध्ये यँकीजने करार न देता मोकळा केला. दोन वर्षांत ३८ विजय मिळवून देणाऱ्या याच माणसाशी त्यांनी २००८ च्या फेब्रुवारीत लवादापुढे भांडण केलं होतं: तो ४६ लाख डॉलर मागत होता, क्लब म्हणे ४० पुरेत. क्लब जिंकला. आयपीएलच्या मालकांना नावं ठेवताना आपण जणू बाकी जगात मालक म्हणजे मावशी असतात असं बोलतो.

एक गोष्ट माझ्या बाजूला जात नाही, तीही सांगायला हवी. सिंकर टाकणाऱ्यांबद्दल जुना अनुभव असा आहे की फार ताजातवाना पिचर तो वाईट टाकतो. अंगात जोर जास्त झाला की चेंडू फेकला जातो, सोडला जात नाही, आणि सरळ जातो. थोडा दमलेला हात बरा. विश्रांती म्हणजे निव्वळ फायदा, हे खरं नाही, लय जाते. गावसकरांच्या बोलण्यात तेवढं तथ्य आहे आणि ते मी मान्य करतो. पण २००७ चा ऑक्टोबरही आहे. क्लीव्हलंडविरुद्धच्या पाच सामन्यांच्या मालिकेत यँकीज १-२ ने मागे, चौथ्या सामन्यात वांगला तीनच दिवसांच्या विश्रांतीवर उतरवलं. दुसरी इनिंग त्याला पुरी करता आली नाही, चार धावा, मालिका संपली. जवान म्हणून उभा केला होता. (पहिल्या सामन्यात पूर्ण विश्रांतीनंतरही आठ धावा बसल्या होत्या. हे मी कंसात टाकतोय ते का, हे चाणाक्ष वाचकाला कळेल.)

जवानाच्या उपमेबद्दल थोडं. इथे ती उपमा नाही. इथे मुलगा वयात आला की सैन्यात जातोच. २०२४ पासून पुन्हा एक वर्ष. मला तरी इथे कोणी पिचरला सैनिक म्हणताना दिसत नाही, कदाचित घराघरात खरा सैनिक असतो म्हणून. आपल्याकडे ज्यांच्या सात पिढ्यांत कोणी गणवेश घातला नाही अशा घरांतून सियाचीन जास्त निघतं. टोचून बोललो, पण घरच्यांनाच बोललो.

गावसकरांना मात्र मी त्यात धरत नाही. फेब्रुवारी १९८१, मेलबर्न, कर्णधार तेच. कपिलच्या मांडीचा स्नायू दुखावलेला, दोशींच्या पावलाचं हाड मोडलेलं, आणि ऑस्ट्रेलियाला हव्या होत्या १४३. कपिल वेदनाशामक घेऊन उतरले, २८ धावांत ५ बळी, ऑस्ट्रेलिया ८३ सर्वबाद. ज्याने हे जवळून पाहिलं त्याला ‘वर्कलोड’ हा शब्द पुळचट वाटणारच. (त्याच सामन्यात पायचीतच्या निर्णयावर भडकून हेच कर्णधार सलामीच्या जोडीदाराला घेऊन मैदानाबाहेर निघाले होते, तेव्हा शिस्तीचे धडे जपून.) पण मेलबर्न ही एक दुपार होती. एका दुपारी मोडक्या पायावर जिंकता येतं, त्यावर दहा वर्षांचं वेळापत्रक बसवता येत नाही. कपिलचं शरीर हा अपवाद होता आणि अपवादाला आपण नियम करून त्यानंतरच्या प्रत्येक पोराला त्याच मापाने मापलं. किती गोलंदाज वाटेत गळाले त्याची यादी घरचे लोक माझ्यापेक्षा चांगली करतील.

‘देश की क्लब’ या दुसऱ्या भांडणालाही वांगकडे उत्तर आहे, आणि तेही सरळ नाही. २००६ आणि २००९, दोन्ही वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये (बेसबॉलच्या विश्वचषकात) तो खेळला नाही. २००९ ला तैवान चीनकडून ४-१ हरलं. आधीच्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकमध्येही चीनकडूनच, बाराव्या इनिंगमध्ये, ८-७. चीनकडून, बेसबॉलमध्ये! ही हार इथे काय लागली ते भारत-पाकिस्तान सामन्यांवर वाढलेल्यांना सांगायला नको. तरी वांगला कोणी देशद्रोही म्हटलं नाही असं नाही, म्हणणारे होते. पण त्याच्या सामन्यांना सकाळी सात वाजता नाश्त्याच्या दुकानांत तानपिंग (अंड्याची पोळी) आणि सोयादूध घेऊन उभी राहणारी गर्दी त्याहून मोठी होती. न्यूयॉर्कची संध्याकाळ म्हणजे इथली सकाळ, बरोबर बारा तासांचा फरक. २००५ ला इथली लीग सट्ट्याच्या प्रकरणात पुन्हा बुडालेली. २००६ ला तायपेईत लाल शर्ट घातलेले लोक राष्ट्राध्यक्षांविरुद्ध रस्त्यावर बसलेले. निळे आणि हिरवे, म्हणजे इथले दोन राजकीय गट, कशावरही एकत्र येत नव्हते, दर पाचव्या सकाळी मात्र दोघेही एकाच टीव्हीपुढे. ‘तैवानचा प्रकाश’ असं नाव त्याला वृत्तपत्रांनी दिलं आणि ते इतकं वापरलं की पुढे तो शब्द ऐकला की लोक डोळे फिरवू लागले.

देशासाठी तो उतरला तो २०१३ च्या क्लासिकमध्ये. तेव्हा त्याच्याकडे क्लबच नव्हता. वॉशिंग्टनने सोडलेला, कोणाचाच नोकर नाही, त्यामुळे हरकत घेणारंही कोणी नाही. २ मार्चला तायचुंगमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध सहा इनिंग, एकही धाव नाही. स्पर्धेच्या पहिल्या फेरीत पिचरला ६५ चेंडूंची मर्यादा असते. त्यात सहा इनिंग बसवायला सिंकरच लागतो. ८ मार्चला टोकियो डोममध्ये जपानविरुद्ध पुन्हा सहा इनिंग, पुन्हा शून्य. तो मैदानाबाहेर गेला तेव्हा तैवान पुढे होतं. दहाव्या इनिंगला जपान ४-३ ने जिंकलं. देशासाठीची त्याची सर्वांत मोठी रात्र त्याला मिळाली ती खांदा शिवून झाल्यावर आणि नोकरी गेल्यावर. घरच्या वादात हे कुठल्या रकान्यात टाकायचं ते मला सुचत नाही.

त्यापुढचं थोडक्यात. टोरांटोला सहा सामने, मग सिनसिनाटी, शिकागो, अटलांटा, सिॲटल यांच्या ट्रिपल-एमध्ये दोन वर्षं, मध्ये मेरीलँडमधला एक स्वतंत्र लीगचा संघ, जिथे बसने प्रवास आणि स्वतःची बॅग स्वतः. पस्तिशीत फ्लोरिडातल्या एका प्रशिक्षण केंद्रात टाकण्याची पद्धत मुळापासून बदलली आणि २०१६ ला कॅन्सस सिटीकडून मेजर लीगमध्ये परतला. ३८ सामने, सगळे बदली पिचर म्हणून, ६ विजय, शून्य पराभव. सप्टेंबरमध्ये सोडून दिला. एकूण ६८ विजय, ३४ पराभव. पंचविसाव्या वर्षी सुरू झालेल्या, अठ्ठाविसाव्या वर्षी मोडलेल्या माणसाचे.

आता खरी अडचण. मला राग गावसकरांचा नाही, जवानाच्या उपमेचाही पुरता नाही. माझी चिडचिड ‘आपला’ या शब्दाशी येऊन थांबते. इथला संघ मैदानावर ‘तैवान’ या नावाने उतरूच शकत नाही. छातीवर ‘चायनीज तायपेई’, झेंडा वेगळा, गाणं वेगळं. त्यामुळे अमेरिकेतला समालोचक ‘तैवानचा वांग’ म्हणाला की त्या दोन शब्दांत इथल्या माणसाला जे मिळायचं ते भारतीयाला कळणं अवघड आहे. आपल्याला शर्टावरचं नाव कधी कमवावं लागलेलं नाही. २४ नोव्हेंबर २०२४ ला याच टोकियो डोममध्ये प्रीमियर-१२ या देशोदेशीच्या बेसबॉल संघांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात यांनी जपानला ४-० हरवलं, तेव्हा कर्णधार चेन चिएह-शिएनने होमरन मारून पळताना छातीवरच्या रिकाम्या जागेभोवती बोटांची चौकट धरली. जिथे नाव असायला हवं तिथे. इथे ती खूण कोणाला समजावून सांगावी लागली नाही. मला लागली. इतकी वर्षं एआरसी (परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र) नूतनीकरण करूनही लागली, आणि ते मला खुपलं.

मग मी घरच्यांना फणकाऱ्याने सांगतो की तुमच्याकडे शंभर गोलंदाज आहेत, एकावर कशाला लटकता, यांच्याकडे एकच होता. हे सांगताना मी दोन्ही ठिकाणी पाहुणा असतो. इंग्लंडमधल्या कसोटीचा पहिला चेंडू इथे संध्याकाळी सहाला पडतो, कचऱ्याची गाडी ‘फ्यूर एलिझ’ची धून वाजवत येण्याच्या सुमारास, आणि पिशव्या घेऊन खाली उतरलेल्या आळीत त्या चेंडूबद्दल बोलायला कोणी नसतं. म्हणून ग्रुपांवर इतका तावातावाने लिहितो. वांगचे सगळे आकडे तोंडपाठ करून बुमराला विश्रांती द्या म्हणणारा मी, ओव्हलच्या शेवटच्या सकाळी, इंग्लंडला ३५ धावा हव्या असताना आणि हातात चार बळी असताना, मनातल्या मनात एकच म्हणत होतो: पाठ गेली तरी चालेल, पण आज तो हवा होता.